चार बोटांचं अंतर

जून संपत आला होता. बाजाराच्या दिवशी सकाळी साडेदहा ते दुपारी एक या वेळात काशीराम भोये यांनी जव्हारच्या बसस्थानकामागे उभ्या असलेल्या एका प्रवासी जीपच्या मागच्या दोन्ही कमानींतून एकेक पाटा काढून नेला. जीप त्यांची नव्हती. मालकाने त्यांना ते काम सांगितलं नव्हतं. जॅक लावून, ओल्या जमिनीवर पोतं अंथरून ते अडीच तास जीपखाली होते. शेजारच्या चहावाल्याने त्यांना दोनदा चहा दिला. कोणी काही विचारलं नाही. जव्हारमध्ये जीपखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले की ते काशामामांचे असणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

एक वाजता जीपचा मालक जानू वारघडे सरकारी कचेरीतून कागद घेऊन परतला. जीप तोच चालवायचा. तो सीटवर बसताच गाडी जरा खाली गेल्यासारखी वाटली म्हणून तो उतरला, मागे गेला आणि त्याने वाकून बघितलं. तासाभरात त्याने पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

नव्वदचं दशक तेव्हा संपायला आलं होतं. जिल्हा ठाणे होता. मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो आणि मामांच्या दुकानासमोरच्या खोलीत राहत होतो. त्या दिवशी मी चार ओळींची बातमी फॅक्सने पाठवली. ती छापून आली नाही.

त्या चार ओळींत जे बसलं नव्हतं ते असं.

जीपच्या चाकांवर गाडीचा भार थेट येत नाही. मध्ये पोलादी पट्ट्यांची चवड असते. सर्वांत लांब पट्टी मुख्य, मग आखूड होत गेलेल्या. एकेक पट्टी म्हणजे पाटा आणि सगळी चवड म्हणजे कमान. खड्डा आला की कमान सपाट होते आणि खड्डा गेला की पुन्हा आपला बाक धरते. काशामामांचं काम एवढंच होतं. बसलेले पाटे सोडवायचे, ऐरणीवर थंडच ठोकून त्यांना बाक द्यायचा, आणि पुन्हा बांधायचे. इंजिनाला ते हात लावत नसत. कोणी फारच आग्रह केला तर म्हणत, “इंजान गाडी नेतो. माझं खातं वेगळं हाय. माझं खातं माणसं नेतं.”

ते मूळचे साखरशेतचे. भात आणि नाचणीची थोडी शेती भावाकडे होती. तरुणपणी भिवंडीला एका कारखान्यात ट्रकच्या कमानी बांधायला शिकले. बोलण्यात तिथली हिंदी मिसळली होती, पण घरची बोली सुटली नव्हती. दुकान म्हणजे बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर, रस्त्याला लागून पत्र्याची शेड. आत ऐरण, दोन घण, भिंतीला टेकवलेले पाटे. मदतीला कोणी नाही. पाटा ऐरणीवर घेण्याआधी ते तो दोरीने टांगत आणि हातोडीने एकदा वाजवत. चांगला पाटा लांब वाजे. तडा गेलेला पाटा ठप्प आवाज करून थांबे. मग ते पाटा डोळ्यासमोर आडवा धरून, एक डोळा मिटून, त्याच्या कडेने बघत.

ही डोळा मिटण्याची सवय त्यांच्या वडिलांची होती. वडील नाचणीची पोती कावडीने जव्हारला आणत. कावडीची काठी ते हिवाळ्यात तोडत आणि एक पावसाळाभर चुलीवर धुरात ठेवत. मग गुडघ्याला लावून वाकवत, सोडून देत आणि एका डोळ्याने बघत. पूर्ण सरळ झाली तर कावडीला, नाहीतर कुंपणाला. मामा सांगत, “ओझं नेणारी काठी चालीबरोबर खालीवर झाली पायजे. पाय भुईला लागंल तवा ओझं वर असावं. ताठ काठी खांदा कापते. नुस्ती वाकणारी काठी मानूस पाडते.”

त्यांची मुलगी सुमन दहावीत असताना तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्यांना हीच गोष्ट सापडली. आकार बदलायला लावणारं बळ काढून घेतल्यावर मूळ आकारात येण्याचा गुणधर्म, असं त्यात लिहिलं होतं. पुस्तकातला लांबलचक शब्द त्यांना कधी म्हणता आला नाही. पण वाकणं आणि परत येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकातही लिहिलेलं आहे, याचा त्यांना फार आधार वाटला. तेव्हापासून ते कशाबद्दलही तोच प्रश्न विचारायचे. सुमन पुढे शिक्षिका झाली. तिला दाभोशाच्या बाजूला एका वाडीवरची शाळा मिळाली. पहिलीच्या मुलांना शाळेची मराठी कळायची नाही. ती आधी त्यांच्या घरच्या बोलीत सांगायची, मग हळूहळू पुस्तकावर आणायची. मामांनी ते लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, “आनि घरी गेल्यावर परत येतात का बोलीवर? का तिकडंच अडकून ऱ्हातात?” सुमन म्हणाली, “बाबा, तुम्ही पोरांना पण ऐरणीवर घेता.”

मामांची दुसरी सवय रेघेची. ज्या जीपची कमान त्यांनी बांधली, तिच्या मागच्या मडगार्डवर ते पांढऱ्या ऑइलपेंटने बोटभर रुंद रेघ काढत. रिकाम्या गाडीत टायरचा माथा आणि रेघ यांत एक वीत अंतर राही. माणसं बसत गेली की गाडी खाली येई आणि अंतर कमी होई. टायर रेघेला टेकला की भार पुरा झाला. त्यापुढे एकही माणूस नको. आत किती माणसं, किती पोती, कोण जाड, कोण बारीक, हा हिशेब ठेवावा लागत नसे. वाचता न येणाऱ्याला रेघ कळत होती. वाडीवरच्या बायका चढण्याआधी मागे वाकून बघत आणि एकमेकींना सांगत, “मामाची रेघ हाय अजून चार बोटं. बस गं.” रेघ नसलेल्या जीपला माणसं कमी मिळायची. म्हणून ड्रायव्हर स्वतःहून रेघ काढून घेत.

दुकानासमोरून भरलेली जीप गेली की मामा हातातलं काम टाकून रस्त्यावर येत, गुडघ्यांवर हात ठेवून वाकत, मागून बघत आणि हात वर करून ड्रायव्हरला बोटं दाखवत. चार, तीन, दोन. ड्रायव्हर आरशात बघत. मूठ दाखवली तर अर्थ एकच होता. मूठ दाखवल्यावर गाडी थांबलेली मी सहा वर्षांत अनेकदा पाहिली, आणि न थांबलेलीही.

तिसरी सवय संध्याकाळची. दिवसभर वाकून काम केल्यावर ते शेडच्या आडव्या पाइपाला दोन्ही हातांनी लोंबकळत आणि पाठ सरळ होईपर्यंत आकडे मोजत. तोंड रस्त्याकडे असे. दाभोशाची जीप साधारण सहाला येई. सुमन तिच्यात असे. जीप आली की ते पाइप सोडत. उशीर झाला तर मोजणं थांबे, पण हात सुटत नसत. एकदा मी विचारलं, किती मोजलं? म्हणाले, “मोजत होतो का मी?”

शिमग्याच्या आधी जव्हारमध्ये एक बैठक झाली. विषय प्रवासी वाहतूक. सणाला ठाणे, भिवंडी, मुंबईकडे गेलेली माणसं घरी येतात. एसटीच्या फेऱ्या मोजक्या. जीपमध्ये कागदावर लिहिली आहेत तेवढीच माणसं बसवली तर निम्मे लोक सणाला घरी पोहोचणार नाहीत, असं जीपवाल्यांचं म्हणणं होतं आणि ते खरं होतं. बैठकीला आलेले अधिकारी समंजस होते. म्हणाले, “सणापुरतं आपण धोरण थोडं लवचिक ठेवू.”

मामा मागच्या रांगेत उभे राहिले. “सायेब, सण झाल्यावर ते परत येल ना?”

“काय परत येईल?”

“धोरण. तुमी वाकवाल. सोडल्यावर जाग्यावर येल का?”

सभागृह हसलं. अधिकारीही हसले. “मामा, लवचिक म्हटलं ना मी.”

“लवचिक तर ओली काठी पन असते, सायेब. वाकवली की तशीच ऱ्हाते.”

पुन्हा हशा झाला आणि पुढचा विषय आला. मी त्या बैठकीची बातमी दिली, तीत हा संवाद नव्हता. सण झाला. धोरण जागेवर आलं नाही. मागे घ्यायचं कोणी विसरलं, की लेखी आदेशच नव्हता म्हणून मागे घेण्यासारखं काही नव्हतं, ते मला शेवटपर्यंत कळू शकलं नाही.

त्याच आठवड्यात जानू दुकानात आला. त्याची जीप दाभोशाला जाऊन पुढे वांगणीच्या बाजूला जाईल तितकी जायची. लांब चेसिसची, जुनी. त्या बाजूला नियमाने जाणारी दुसरी गाडी नव्हती. सणाच्या गर्दीत टायर रोज रेघेला टेकत होता आणि माणसं रस्त्यात उभी राहत होती.

“मामा, एक जादा पाटा टाका.”

“कमान बसली नाय तुझी. परवाच बघितली.”

“बसली नाय, पन लवकर भरते. ट्रकचा पाटा टाका खाली. सणापुरता.”

“तू पन सणापुरता?”

“मामा, तुमी डाक्टर असता ना, तर पेशंट तपासता तपासता म्हातारा झाला असता. लोक उभे हायत रस्त्यात, पोरं घेऊन.”

मामांनी ट्रकच्या जुन्या पाट्याचे दोन तुकडे कापले, त्यांना बाक दिला आणि एकेका कमानीखाली एकेक बांधला. शिमगा झाल्यावर काढायचे असं ठरलं होतं. जीप टणक झाली. भरलेली असूनही खाली येईना. त्या शिमग्याला जानूच्या जीपमधून किती माणसं घरी पोहोचली याची नोंद नाही. सगळी पोहोचली, एवढं निश्चित.

मामांची चूक पाटा टाकण्यात नव्हती, असं ते स्वतः सांगत. पाटा टाकला तेव्हा रेघ तशीच राहिली, ही चूक. मडगार्डवरची रेघ जुन्या कमानीची होती. नव्या कमानीवर जीपमध्ये वीस माणसं बसली तरी टायर आणि रेघ यांत चार बोटं अंतर दिसे. हे त्यांना शिमग्यानंतर तीन आठवड्यांनी कळलं. दुकानासमोरून जानूची जीप गेली. टपावर पोती, मागे तिघं लटकलेले. मामा वाकले, बघितलं आणि सवयीने चार बोटं दाखवली. जानूने हॉर्न वाजवला. मग मामांनी वर केलेल्या स्वतःच्या हाताकडे पाहिलं. तो हात तसाच किती वेळ होता ते मी खोलीच्या खिडकीतून पाहिलं.

त्या संध्याकाळी ते मला म्हणाले, “पेपरवाले, आधी गाडी बोलायची. एवढं झालं, आता नको, असं सांगायची. मी तिचं तोंड बांधलं. आनि वर माझी सही हाय.”

जानूने पाटे काढायला नकार दिला. काढले तर माणसं कमी बसतील, आणि त्याच्या मते तक्रार कोणाचीच नव्हती. हे खरं होतं. मग मामांनी एका दुपारी रॉकेलच्या फडक्याने जानूच्या जीपवरची रेघ पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी बायका मागे वाकून बघू लागल्या, रेघ दिसेना, चढेनात. तिसऱ्या दिवशी मडगार्डवर पुन्हा पांढरी रेघ होती. ती जानूने काढली होती. जुन्या जागेहून बोटभर वरच.

सुमन त्याच जीपने जात होती. मामांनी तिला सांगून पाहिलं.

“नको जाऊ त्या गाडीत, बाय.”

“मग कशाने जाऊ? शाळा तिकडं आहे, बाबा.”

“बदली माग.”

“आणि माझ्या जागी येईल ती बाई कशाने जाईल?”

मला हे सुमनने सांगितलं. ती म्हणाली, त्या दिवसापासून बाबा जेवताना मध्येच हात थांबवतात आणि बाहेर गाडीचा आवाज ऐकतात.

मे महिन्यात शाळा बंद होती. ते दिवस मामांचे बरे गेले. जूनमध्ये शाळा उघडली, पाऊस लागला, भाताच्या आवणीसाठी माणसं परतू लागली आणि जीप पुन्हा भरली. रस्त्याच्या कडा पावसाने खचत होत्या. टणक गाडी खड्ड्यात चाक दाबत नाही, उडवते, हे मामांनी जानूला दोनदा सांगितलं. जून संपता संपता, बाजाराच्या दिवशी, जानू कचेरीत गेला असताना, मामा जॅक आणि पोतं घेऊन बसस्थानकामागे गेले.

पोलीस ठाण्यात झालेलं बोलणं मी समोर बसून ऐकलं. हवालदारांनी विचारलं, “पाटे कोणाचे?”

“जानूचे.”

“मग नेले कशाला?”

“मी घातले होते.”

“घातले म्हणजे तुमचे होतात काय?”

“पाटे त्याचेच. चूक माझी. मी चूक काढून नेली.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. “असं लिहिता येत नाही, मामा.”

जानू म्हणाला, “मामा, सगळ्या गावाच्या समोर माझी गाडी उघडली तुमी. विचारलं असतं तर?”

“चार वेळा विचारलं.”

“पाचव्यांदा विचारायचं.”

गुन्हा नोंदवला गेला नाही. मामांनी दोन्ही पाटे परत करायचे असं ठरलं. त्यांनी ते त्याच संध्याकाळी खांद्यावर घेऊन जानूच्या घरी पोहोचवले. दोन दिवसांनी जानूने मोखाड्याला एका ओळखीच्या माणसाकडून ते पुन्हा बांधून घेतले.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी साडेसातला मामा बसस्थानकावर जानूच्या जीपमागे उभे होते. पहाटेच्या एसटीने भिवंडीकडून आलेली माणसं गाठोडी, डबे, प्लास्टिकचे कागद घेऊन चढत होती. मामा प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते. “ही रेघ माझी नाय. रेघ खोटी हाय.” दोघं उतरले. त्यांच्या जागी तिघं बसले. वांगणीची एक म्हातारी बांधकामावरून परतली होती. तिने गाठोडं आधी आत टाकलं आणि मग मामांकडे वळली.

“रेघ कुनाची का असंना, मामा. माज्या गावाकडं हीच एक गाडी जाते. तू पाटा काढशील, मानसं कमी बसतील. उरलेली कुठं ठेवू? तुज्या दुकानात?”

माणसं हसली.

सुमन मधल्या बाकावर होती. मामांनी तिला खुणेने उतरायला सांगितलं. ती म्हणाली, “मी उतरले तर माझ्या जागी आणखी एक बसेल, बाबा.”

जीपमध्ये तेव्हा जानू सोडून बावीस माणसं होती. जानूने गाडी सुरू केली. मामा मागच्या पायरीवर चढले आणि पत्र्याला धरून उभे राहिले. ते तेविसावे.

पुढचं मला सुमन, जानू आणि स्वतः मामा या तिघांनी वेगवेगळं सांगितलं. ज्यावर तिघांचं एकमत आहे ते असं. साधारण नऊ किलोमीटर गेल्यावर, दुसऱ्या उतारावर, मोरीच्या अलीकडे मामांनी पत्र्यावर तळहाताने दोनदा जोरात थाप मारली. थांबण्याची खूण. जानूला वाटलं कोणी पडलं. त्याने गाडी उभी केली. मामा खाली उतरून डाव्या चाकामागे आडवे झाले. मुख्य पाटा मधल्या बोल्टाजवळ तडकला होता. खालचा जाड पाटा वाकत नव्हता म्हणून सगळा ताण वरच्या पातळ पाट्याने एका जागी घेतला होता. फटीत नख जात होतं.

सुमन म्हणाली, “मला काहीच ऐकू आलं नव्हतं. गाडीत पोरं रडत होती, डबे वाजत होते.” मामा म्हणाले, “मला पन ऐकू नाय आलं. हाताला कळलं.” तिथून दीड वळणावर रस्त्याची डावी कड आदल्या रात्री दरीत गेली होती. हे मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं.

बावीस माणसं उतरली आणि ओझी घेऊन पुढे चालू लागली. वांगणीच्या म्हातारीने गाठोडं डोक्यावर घेतलं, थोडी पुढे गेली, परत आली, वाकून मडगार्डवरची रेघ बघितली आणि मग गेली. सुमन शाळेत पावणेअकराला पोहोचली. मामांनी रस्त्याकडेचं लाकूड तोडून चेसिस आणि आस यांच्यामध्ये ठोकलं, दोरीने आवळलं. जानूने रिकामी जीप पहिल्या गिअरमध्ये जव्हारला परत आणली. मामा पूर्ण वाट तिच्या मागून चालत आले. डोळा चाकावर.

दुपारी दोघांनी मिळून दोन्ही जादा पाटे काढले. जानू पाने हातात देत होता. काम संपल्यावर त्याने पेंटचा डबा पुढे केला.

“घ्या. आता काढा तुमची रेघ.”

“नाय.”

“रेघेबिगर लोक बसायचे नाय, मामा.”

“बसतील. आजवर रेघेकडं बघत होते. आता गाडीकडं बघतील.”

“आनि नाय बघितलं तर?”

मामांनी डब्याचं झाकण लावलं. पुढच्या दोन आठवड्यांत त्यांनी आपण रेघ काढलेल्या सगळ्या जीप एकेक करून गाठल्या आणि रॉकेलच्या फडक्याने रेघा पुसल्या. ड्रायव्हर हसत होते. दिवाळीपर्यंत जवळजवळ प्रत्येक जीपवर रेघ परत आली होती. ती ड्रायव्हरांनी स्वतः काढली होती. कोणाची लाल, कोणाची हिरवी. एकाने रेघेखाली ‘शुभ लाभ’ लिहून घेतलं होतं. उंची ज्याची त्याची.

मामांनी नंतर कधीही रेघ काढली नाही. जादा पाटा टाकायला कोणी आलं की ते नकार देत, आणि माणूस मोखाड्याला जाई. ते कळल्यावर मामा त्या गाडीचा नंबर खडूने शेडच्या पत्र्यावर लिहीत. कशासाठी, असं मी विचारलं. “परत आला का गेला, बघायला,” म्हणाले. पत्रा भरत गेला. पावसाचं पाणी आत आलं की खालचे नंबर धुतले जात. ते पुन्हा लिहीत.

जानूची जीप मात्र मामांकडेच येत राहिली. दोघांचं बोलणं पूर्वीसारखंच टोमण्यांचं होतं. “मामा, आज पाचव्यांदा विचारताय का?” असं जानू दारातूनच ओरडायचा. त्याच्या मडगार्डवर रेघ नव्हती. त्यामुळे त्याला दोन पावसाळे माणसं कमी मिळाली.

नव्या शतकाची पहिली काही वर्षं गेली. दाभोशाचा रस्ता एकदा डांबरी झाला आणि एका पावसाळ्यात पुन्हा खड्ड्यांचा झाला. मामा संध्याकाळी पाइपाला लोंबकळत, पण हात सोडल्यावर पाठ सरळ होईनाशी झाली. सुमनने त्यांना नाशिकला दाखवलं. डॉक्टरांनी काम बंद करायला सांगितलं. “पाठ वाकते का, विचारलं त्यांनी,” मामा मला म्हणाले. “वाकते, म्हटलं. पुढचं त्यांनी नाय विचारलं.”

माझी ठाण्याला बदली झाली तो ऑगस्ट होता. दुपारी एकच्या एसटीत मी खिडकीशी बसलो. आमच्या पुढे जानूची जीप निघाली. भरलेली होती. सुमन तिच्यात होती. त्या दिवशी तिने अर्धा दिवस रजा घेतली होती आणि ती दुपारच्या फेरीने शाळेत चालली होती. मामा दुकानाबाहेर आले. पूर्वी मागून बघण्यासाठी ते गुडघ्यांवर हात ठेवून वाकत. आता त्यांना वाकावं लागत नव्हतं. जीप पुढे गेली तसे ते रस्त्याच्या मध्यापर्यंत आले आणि हात वर केला. एक बोट, रेघेशिवाय, नजरेच्या अंदाजाने. आरशात जानूने पाहिलं की नाही, ते एसटीतून दिसलं नाही. पुढच्या वळणावर आमचा रस्ता वेगळा झाला.

ठाण्याला पोहोचल्यावर मी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून सुमनच्या शेजाऱ्यांकडे फोन केला. जीप सहा वाजून दहा मिनिटांनी जव्हारला परत आली होती.